बॉयलरकडचा गोल

शेडमध्ये गोलची एक लोखंडी चौकट होती, हॉकीच्या अकरा मोडक्या काठ्या होत्या, कडेच्या फळ्यांचे चार तुकडे आणि बर्फ खरवडायचं एक फावडं. सगळं भंगारात जायचं होतं. आदेलारने चौकटीच्या दोन खांबांमध्ये तिसऱ्यांदा टेप ताणला. सहा फूट दोन इंच.

नियमाने सहा फूट हवं.

तो काठ्यांच्या ढिगावर बसला. चौकट बॉयलरच्या टोकाचीच, मैदानाच्या ज्या बाजूला गिरणीचं बॉयलरघर होतं तिकडची होती, यात शंका नव्हती. डाव्या खांबाचा लाल रंग गुडघ्याच्या उंचीवर पार उडालेला होता. चढाई यायच्या आधी काठीने तो खांब ठोकायची खोड त्याचीच.

एके काळी सेंत-ओदील गावच्या कागद गिरणीचा आइस हॉकीचा संघ आजूबाजूच्या सगळ्या गावांना भारी होता. हिवाळाभर आठ-दोन, नऊ-तीन असे सामने मारायचा. मग मार्चमध्ये बाद फेरी लागायची आणि अंतिम सामना एका गोलने हातचा जायचा. ओळीने चार वर्षं. चारही वेळा घरच्या मैदानावर, चारही वेळा तिसऱ्या सत्रात. सामन्याची तीन सत्रं, दर सत्राला बाजू बदलायच्या; पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात घरचा गोलरक्षक बॉयलरच्या टोकाला उभा असायचा. म्हणजे आदेलार.

गावाने आधी प्रशिक्षकाला धरलं, मग वसंतात मऊ पडणाऱ्या बर्फाला, मग पोरांच्या बीअरला. शेवटी गोलरक्षकाचं नाव 'चाळणी' पडलं आणि सगळ्यांचं समाधान झालं. ते नाव दुकानात चाललं, चर्चच्या पायऱ्यांवर चाललं, लेकीच्या लग्नात चाललं. बायको गेली तेव्हा सांत्वनाला आलेल्या बोल्द्युक न्हाव्याने दारात विचारलं होतं, "चाळणी आहे का घरात?" त्याला वाईट बोलायचं नव्हतं. दुसरं नाव त्याला आठवलंच नाही.

उद्या मैदानाला निरोप द्यायचा समारंभ होता, परवापासून पाडकाम. भाषण रोझेर करणार होता, त्या संघाचा कर्णधार. चौथ्या पराभवानंतर रोझेर त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तेव्हा दोघांचे केस काळे होते.

आदेलार उठला आणि थेट त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"रोझेर, शेडपर्यंत चल माझ्याबरोबर."

रोझेरने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "वाट चुकलास काय?"

"नाही. एवढं एकदा ये. मग मरेपर्यंत बोलू नकोस."

"तसाही कुठे बोलत होतो." पण त्याने टोपी चढवली.

शेडमध्ये आदेलारने टेप त्याच्या हातात दिला. "तूच माप. माझ्यावर नको भरवसा ठेवूस."

रोझेर कण्हत गुडघ्यावर बसला. मापलं. टेप गुंडाळला, पुन्हा मापलं.

"कोणी केली ही?"

"गिरणीच्या लोहारखान्यात झाली. मापली कोणीच नाही."

"आणि हिवाळाभर कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आठ-दोनने जिंकणाऱ्याला दोन इंच कळतात होय? एका गोलचा सामना असला की कळतात."

रोझेर बराच वेळ खांबावरून हात फिरवत राहिला. "शेवटच्या वर्षीचा तो गोल. याच बाजूने गेला ना?"

"बोटभर आतून."

"तू जागचा हललाच नाहीस, असं मी गावभर सांगितलं. तुझ्या बायकोच्या तोंडावर सांगितलं."

"ठाऊक आहे मला."

"मग घरी येऊन माझी गचांडी का नाही धरलीस, गाढवा?"

"काय म्हणून धरायची? मलाही तसंच वाटायचं." आदेलारने पाय पुढे सरकवला. "रोज रात्री ती पकची चकती आत जाताना दिसते मला. रोज वाटतं, पाय थोडा ताणला असता तर. लाकूड फोडताना पाय ताणून बघतो मी, रोझेर. या वयात. शेजारीण हसते."

रोझेर खांबाला धरून उठला. मग त्याने आदेलारच्या खांद्यावर हात टाकला. जड हात होता.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "माइकवर, सगळ्या गावासमोर. चूक आपली झाली, आधी माझी झाली, असं सांगतो. चाळणी हा शब्द काढेल त्याला मी बघून घेईन."

आदेलारने मान हलवली.

"पण बोल्द्युक उठणार," रोझेर म्हणाला. "तो गप्प बसायचा नाही. विचारणार, दुसरी चौकट केवढी होती? त्यांचा गोलरक्षक तर दोन सत्रं तिकडे उभा होता."

"सहाच असणार ती."

"असणार म्हटलेलं त्याला चालत नाही. दाढी करतानासुद्धा वाद घालतो मेला. चल, माझ्या परसातच आहे ती. नवीन चौकटी आल्या तेव्हा घरी आणली, वाटाण्याचे वेल चढवायला."

परसात अजून कडेकडेला बर्फ होतं. चौकटीवर गेल्या वर्षीचे वाळके वेल लोंबत होते. रोझेरने ते ओरबाडून काढले आणि टेपचं टोक डाव्या खांबाला दाबून धरलं.

"ताण नीट. सहा आलं की उद्या बोल्द्युकला पहिल्या रांगेत बसवतो."

आदेलार हसला. कित्येक वर्षांत या माणसासमोर तो हसला नव्हता. त्याने टेप उजव्या खांबाला लावला, अंगठ्याने घट्ट दाबला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाकून आकडा वाचला.

सहा फूट पाच इंच.