पत्र्याचा पेला

"केपमधल्या बाकीच्या मळ्यांवर मजुरीपोटी दारू वाटायचे, आम्ही कधीच नाही," दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या द्राक्षमळ्यावर वाइन चाखायला आलेल्या गिऱ्हाइकांना म्हातारा मालक सांगत होता. ग्लास उचलणारी ड्रीका थबकली. तिची आई याच मळ्यावर राबायची आणि पोटुशी असतानाही तीच मजुरी प्यायची. त्या दारूनं ड्रीकाचं डोकं पोटातच नासवलं. पाहिलेला चेहराही आपल्या लक्षात राहत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आईला मजुरीची दारू ज्यात मिळायची तो पत्र्याचा पेला ती आठवणीसाठी खिशात बाळगायची. तिनं तो महागड्या वाइननं काठोकाठ भरून मालकापुढं आदळला. "घ्या मालक, आईची मजुरी." "हिचं काय मनावर घेता? हिला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही," मालक हसला. मग पेला बघून खेकसला, "हा कुठनं आला? सगळे तर मी विहिरीत फेकायला लावले होते." गिऱ्हाइकांनी ग्लास खाली ठेवले. "मला कुठं आठवतंय, मालक?" ड्रीका हसली. "तुम्हाला आठवलं, बास झालं."