पडलेली प्लेट

"हिले श्वास रोखाले सांगू का?" पूनम म्हणाली. गजेंद्र हसला नाही.

एक्स-रेच्या टेबलावर एक प्लेट ठेवली होती. बुलेटप्रूफ जाकिटात छातीवर बसते ती. आतून सिरॅमिकची, वरून काळं कापड चिकटवलेली, तीनेक किलो वजनाची. मेहकरच्या त्या हाडांच्या दवाखान्यात पूनम फोटो काढायची. डॉक्टर जेवायला घरी गेले होते. बाहेर बाकावर हात गळ्यात बांधलेली एक म्हातारी तेवढी बसली होती.

गजेंद्र आणि पूनमचा नवरा दीपक, दोघंही जवान, एकाच कॅम्पवर होते, दूर पूर्वेकडच्या जंगलात. गजेंद्र कालच सुट्टीवर आला होता. प्लेट त्यानं कपड्यांच्या घड्यांत लपवून आणली होती. सरकारी वस्तू अशी घरी आणणं गुन्हा होता आणि ते पूनमलाही माहीत होतं.

"किती जुनी हाये?"

"बारा वर्सं. तारखेचं लेबल कवाचंच घासून गेलं."

"मंग बदलून काऊन नाही देत?"

"स्टोअरच्या भागवत हवालदाराले इचारलं होतं. तो म्हने, चिनीमाती सडते का बे? तारीख कागदाले असते." गजेंद्रनं प्लेटवर हात ठेवला. "जुनी हाये त्याचं काही नाही, वहिनी. माह्या हातून पडली ते."

महिना झाला होता त्याला. नाला ओलांडताना सगळ्यांची जाकिटं भिजली. प्लेटा काढून खडकावर वाळत घातल्या. संध्याकाळी गजेंद्र आपली आणि दीपकची अशा दोन्ही गोळा करत होता. त्यातली एक हातातून निसटली आणि खडकाच्या धारेवर आपटली. कापडावर ओरखडाही आला नाही. पण आत काय झालं ते कसं कळणार? सिरॅमिकला एकदा चीर गेली की गोळी थांबेलच असं सांगता येत नाही. स्टोअरमध्ये जादाची प्लेट नव्हती. सांगितलं असतं तर चौकशी लागली असती. तो गप्प बसला. पण एक गोष्ट त्यानं तिथल्या तिथं केली. पडलेली प्लेट स्वतःच्या जाकिटात घातली आणि दुसरी दीपकला दिली. त्यानंतर प्रत्येक गस्तीला तो छातीवर हात ठेवून चालला.

"आन ह्यांची?" पूनमनं नवऱ्याचं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"त्याले चांगली देली. पडली ते मीच ठेवली."

पूनमनं एक फोटो वरून काढला, दुसरा प्लेट तिरपी करून काढला. मग पडद्यासमोर बसली. चित्र मोठं केलं आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश पाहत गेली. गजेंद्र तिच्या मागं उभा होता. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"रेघ नाही."

"नीट पाहा."

"भाऊजी, लेकराच्या बोटातली केसाएवढी चीर मी पकडतो. हिच्यात काहीच नाही. साबूत हाये एकदम."

गजेंद्र स्टुलावर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पूनमनं त्याला पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर तो एकदम हसायला लागला आणि डोळे पुसायला लागला.

"दीपकले सांगतो. आता सांगाले काही हरकत नाही. महिनाभर त्याच्यापासून लपवलं मी."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कॅम्पवरचे लोक टेकडीवर येत. तिथंच तेवढी रेंज होती. दुसऱ्या खेपेला फोन लागला. पूनमनं तो हातात घेतला आणि स्पीकर चालू केला. तिलाही नवऱ्याचा आवाज ऐकायचा होता. तिनं तोंडावर बोट ठेवून गजेंद्रला खूण केली, मी इथं आहे ते सांगू नका, आधी तुम्ही बोला.

गजेंद्र भडाभडा बोलला. नाला, खडक, निसटलेली प्लेट, सगळं. "पन आता भेवाचं काही नाही बे. फोटो काढला तिचा. एक बी चीर नाही."

त्यानं फोनजवळ तोंड नेलं.

"आयकलं का बे?"

"आयकलं," दीपक म्हणाला. "तुह्या हातून पडली तवा मी मागंच उभा होतो, गज्या. तुले दिसलो नाही. तू आंघोळीले गेला आन मी तुह्या जाकिटातली काढून घेतली. माही तुह्यात टाकली."

"काऊन?"

"लाइनीत पुढं तू चालतं. पुढच्याले चांगली पाह्यजे का नाही? सांगतलं असतं तर तू परत घेतली असती."

"मंग ते पडलेली..."

"माह्याजवळ हाये. आता हालवली का आत खडे वाजल्यावानी वाजते. पन चालून राह्यलं." तो हसला. "तू सुट्टीवर गेला, आता दहा दिवस पुढं मीच हावो. तुहीच मांगनार होतो, तर तू ते घरी घेऊन गेला लेका."

मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

"गस्तीले निंगतो. आन आयक, पूनमले सांगू नको."

"अहो," पूनम म्हणाली. तोवर त्यानं फोन ठेवला होता.