दोराचं दुसरं टोक

उज्वलानं कपारीत बोटं घातली आणि लगेच बाहेर काढली. बोटांना काळं, चिकट काहीतरी लागलं होतं. वटवाघळांची घाण. वास नाकात शिरला तशी तिनं मान फिरवली.

ती नांदेडच्या एका रक्तपेढीत कामाला होती. दिवसभर रक्ताच्या पिशव्या हाताळायची, पण कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. आज मात्र सकाळपासून तिला शिसारी येत होती. उमरीच्या पुढं माळावरचा हा उघडा खडक. बुडाशी दारूच्या बाटल्यांच्या काचा, गुटख्याच्या पिचकाऱ्या, ऑइलपेंटनं काढलेले बदाम आणि त्यात कुणाकुणाची नावं. जिममधली चढाईच्या सरावाची भिंत कशी लख्ख होती! लाल, पिवळ्या, निळ्या खुंट्या धरायच्या आणि चढायचं. हात सुटला तर वर बसवलेलं यंत्र दोर धरायचं आणि अलगद गादीवर आणून सोडायचं.

इथं यंत्र नव्हतं. चढाई शिकवणाऱ्या मकसूद सरांनी माथ्यावर पक्का आधार बघून कड्या अडकवल्या होत्या आणि त्यांतून दोर ओवला होता. एक टोक उज्वलाच्या कमरेला, दुसरं खाली सत्यमच्या हातात. ती चढेल तसा त्यानं दोर ओढून घ्यायचा. ती दमली की तोलून धरायचं. उतरव म्हणाली की हळूहळू खाली सोडायचं. सरांनी त्याच्याकडून हे पुन्हा पुन्हा करून घेतलं, आणि मगच ते वर जाऊन बसले.

सत्यम तिचा होणारा नवरा. नायगावचा. घरी बागायती शेती, नांदेडात बियाण्यांचं दुकान. साखरपुडा झाला होता, तारीख निघाली होती. लग्नाआधी दोघांनी मिळून चढाई शिकावी, ही हौस त्याचीच. उज्वलाला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

कपारीच्या जरा वर, अर्ध्यावर, तिचे हात भरून आले. "उतरवा मला," ती ओरडली.

दोर ताठ झाला. ती कमरेच्या पट्ट्यात, हार्नेसमध्ये बसली आणि वाट बघत राहिली. दोर हलेना.

"अहो, उतरवा ना!"

तिनं खाली पाहिलं. सत्यम मान वर करून हसत होता. शेजारी त्याचा मित्र व्यंकट मोबाइल धरून उभा होता.

"उतरवतो की. आधी एक बोल. लग्न झालं की नोकरी सोडते म्हण."

"काय?"

"मोठ्यानं म्हण. व्हिडिओत आलं पाहिजे. आई रोज डोकं खाऊन राहिली माझं."

व्यंकट खिदळला. उज्वलाही कसनुसं हसली. "पुरे आता मस्करी. हार्नेस काचून राहिला."

आणि एकाएकी दोर ढिला झाला. ती हातभर खाली कोसळली आणि हिसका बसून थांबली. गुडघा खडकावर सोलवटला. तिच्या तोंडून किंकाळी निघाली. खालून हसण्याचा आवाज आला.

"बघ! सगळं माझ्या हातात हाय. म्हण लवकर."

साखरपुड्याच्या दिवशी भरल्या बैठकीत "करू द्या की नोकरी तिला, आपली काही हरकत न्हाई" असं म्हणणारा हाच. तेव्हा तिच्या आईचे डोळे भरून आले होते.

उज्वलानं त्याच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. राग असता तर तिला कळला असता. तिथं राग नव्हता. तो खुशीत होता. गावात दुसरं दुकानच उघडं नाही, हे ठाऊक असलेला दुकानदार गिऱ्हाइकाकडं जसा बघतो, तसा तो तिच्याकडं बघत होता. तिला पुन्हा शिसारी आली, सकाळपेक्षा जोराची. ही वटवाघळांची नव्हती.

तिनं हात पुन्हा त्याच कपारीत घातला. मनगटापर्यंत. ओला चिखल नखांत शिरला. आत खडकाची धार लागली, ती तिनं घट्ट धरली. तोंड त्या घाणीपासून वीतभर अंतरावर होतं. तिनं श्वास घेतला आणि अंग वर उचललं.

खालचं हसणं थांबलं. "ए, थांब की! मस्करी केली!"

ती थांबली नाही. ओढून न घेतलेला दोर तिच्या मांडीशी लोंबायला लागला. आता हात निसटला तर ती बरीच खाली जाणार होती. तिला ते दिसत होतं. खाली सत्यमची धांदल उडाली, तो घाईघाईनं दोर ओढायला लागला. तिनं वळून पाहिलं नाही. एक पाय, मग एक हात, मग दुसरा पाय.

माथ्यावर मकसूद सरांनी तिला हात देऊन वर घेतलं आणि तिच्या हार्नेसचा पट्टा कडीत अडकवला. मधे खडकाचं पोट पुढं आलेलं, त्यामुळं त्यांना खालचं काही दिसलं नव्हतं. वाऱ्यानं ऐकूही आलं नव्हतं.

"शाबास बेटा! पहिल्याच दिवशी माथा गाठलास. आता बस दोरावर, तो सोडतो खाली."

उज्वला कमरेची गाठ सोडायला लागली.

"सर, मागून उतरायला वाट हाय का?"

"हाय, पण लई फेऱ्याची. नुसते काटे. तिकडून कशाला? खाली त्यानं धरलंय की तुला."

तिनं दोराचा शेवटचा पीळ उलगडला आणि टोक सरांच्या हातात दिलं.

"म्हणूनच, सर."