झबल्याचा गळा

कळमनुरीच्या नेटकॅफेत कॅमेरा एकाच कॉम्प्युटरला होता. त्याच्यासमोर रत्नपाल बसला आणि त्याने हेडफोन कानाला लावला. त्याची धाकटी बहीण सरिता मागे स्टुलावर बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत शिवणाचं सामान आणि एक वही.

सरिताला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलताही येत नव्हतं. मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत ती सातवीपर्यंत शिकली आणि तिथेच शिवण शिकली. औरंगाबादच्या निता मॅडमच्या दुकानासाठी ती दोन वर्षांपासून तान्ह्या लेकरांची झबली शिवत होती. मॅडम फोनवर रत्नपालशी बोलायच्या आणि रत्नपाल ते खुणांनी सरिताला सांगायचा. यावेळी साठ झबली परत आली होती. शिवणारीला समोर बघितल्याशिवाय आता पुढचं काम देणार नाही, असं मॅडमनी कळवलं होतं.

"चालू झालं भाऊ," कॅफेवाला ओमप्रकाश म्हणाला.

पडद्यावर निता मॅडम आल्या. चित्र अडकत अडकत हलत होतं. त्यांनी एक झबलं कॅमेऱ्यापुढे धरलं.

"हा गळा बघा, रत्नपाल. लेकराच्या डोक्यावरून खाली उतरत नाही. बायका दुकानात येऊन भांडतात. तुमच्या बहिणीला एवढं साधं—"

आवाज गेला. मॅडमचे ओठ हलत राहिले.

"हॅलो! हॅलो मॅडम!" रत्नपाल ओरडला. त्याने हेडफोन काढला, झटकला, परत लावला. "ओमप्रकाश, काय झालं रे? आत्ताच जायचं होतं का याला?"

"आवाज गेला. चित्र बराबर हाय की." ओमप्रकाश टेबलाखाली वाकून वायरी चाचपू लागला.

"नुसत्या चित्राचं काय करू मी?"

सरिताने त्याच्या खांद्यावर बोट टोचलं. ऊठ, अशी खूण केली. तो उठेना, तेव्हा तिने खुर्चीची पाठ धरून हलवली. रत्नपाल उठला. सरिता बसली.

तिने आधी मॅडमना नमस्कार केला. मग पिशवीतून परत आलेल्यातलं एक झबलं काढलं आणि गळ्याभोवती टेप धरली. बारा इंच. बोटाने आकडा दाखवला. मग तीच टेप तिने साडेसोळा इंचांवर गोल वळवली, कॅमेऱ्याजवळ नेली आणि दुसऱ्या हाताने हवेत लेकराचं डोकं काढून दाखवलं. टेपचं ते कडं तिने झबल्याच्या गळ्यात घालून बघितलं. गेलं नाही.

शेवटी तिने मॅडमनीच पाठवलेला कागदी नमुना उलगडला आणि त्याच्या गळ्यावर टेप ठेवली. बारा.

मॅडम पडद्यावरून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांची टेप होती. त्यांनी आपल्याकडचा नमुना मोजला. मान खाली घालून पुन्हा मोजला.

सरिताने कात्री घेतली. झबल्याच्या पाठीवर गळ्यापासून चार बोटं चीर पाडली, दोन्ही कडा दुमडून धरल्या आणि वर नाडीचा तुकडा ठेवून गाठ कशी येईल ते दाखवलं. टेपचं कडं आता सहज आत गेलं.

मॅडमनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो पुढे धरला. 'हे आधी का नाही सांगितलंस?'

सरिताने वाचलं. मागे रत्नपालनेही मोठ्याने वाचलं.

"काहून भाऊ, सांगितलं न्हाई का तिनं?" ओमप्रकाशने टेबलाखालूनच विचारलं.

"सांगत होती की. कापड कापायच्या आधीच सांगत होती." रत्नपालचा आवाज खाली आला. "मीच बोललो न्हाई. मॅडमच्या नमुन्याला नाव ठेवलं तर काम जाईल म्हणून. दर वेळी हो मॅडम, हो मॅडम करत राहिलो."

सरिता मागे वळली. भावाकडे बघत राहिली. मग वही उघडून तिने लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

'आता सांगते.'

मॅडम हसल्या. त्यांनी दुसरा नमुना काढला. सरिताने त्यातला बाहीचा मुंढा बघून नाक मुरडलं, स्वतःचा हात वर करून काखेत कुठे ओढ बसते ते दाखवलं. मॅडमनी पेन्सिलीने रेघ मारली. सरिताने नाही म्हणून मान हलवली. मॅडमनी रेघ खाली घेतली. आता व्हय, अशी सरिताने मान डोलावली.

"आवाज आला!" ओमप्रकाश धुळीने भरलेले हात झटकत उठला. हेडफोनमधून मॅडमचा बारीक आवाज येत होता. "घ्या भाऊ, बोला."

रत्नपालने हेडफोन हातात घेतला, दोघींकडे बघितलं आणि तो टेबलावर ठेवून दिला.

"राहू दे. त्यांचं चालू हाय."

सरिताने पिशवीच्या तळातून एक पिवळा फ्रॉक काढला. कुणी सांगितलेला नव्हता. तिने आपल्या मनाने शिवला होता. खाली दोन झालरी, पाठीवर मोठी फुली मारल्यासारख्या पट्ट्या. तिने तो दोन्ही खांद्यांना धरून उंच केला.

मॅडमनी मागे वळून कुणाला तरी हाक मारली. दुकानात आलेल्या दोन बायका पडद्यात आल्या. मग तिसरी आली, कडेवरच्या लेकरासकट. सगळ्या वाकून बघू लागल्या. सरिताने फ्रॉक हळूहळू फिरवला. पाठ दाखवली, झालर उलटून आतली शिवण दाखवली.

लेकरू घेतलेल्या बाईने हात पुढे केला आणि कापडाचा पोत बघावा तसे अंगठा आणि बोट तिकडच्या पडद्याच्या काचेवर घासू लागली.