अडॅप्टरचा दोष

संगमनेरहून आलेली मोनिका ग्रामपंचायतीच्या पुस्तिकेसाठी पाण्याच्या टाकीचा फोटो काढत होती. उंच बांधकाम फोटोत कललेलं दिसू नये म्हणून तिच्याकडे खास लेन्स होती. नव्या मोठ्या कॅमेऱ्याला ती थेट बसत नव्हती, म्हणून मध्ये अडॅप्टर लावला होता. तरी टाकी डावीकडे झुकलेलीच दिसे. तिने स्क्रू आवळले, लेन्स शून्यावर आणली, स्टँडवरच्या लेव्हलचा बुडबुडा मधोमध केला. टाकी काही सरळ होईना.

“हा अडॅप्टर या कॅमेऱ्याला जमतच नाही,” ती पाणी सोडणाऱ्या भिमाजीकाकांना म्हणाली.

“मंग समोरच्या शाळेचा काढून बगा की.”

तिने कॅमेरा वळवला. शाळा अगदी ओळंब्यात, सरळ दिसत होती. मागे वळून टाकीकडे पाहायचा तिला धीर होईना.

“काका, टाकीत पाणी किती आहे?”

“काठोकाठ हाय. भरली की जरा पाझरती, मंग खाली लई गार वाटतं. म्हनून तर अंगनवाडीची पोरं तितंच जेवायला बसवलीत.”