लिफ्टचा बाक

मेयर ब्रुसोल यांनी गावची बस बंद केली आणि थांब्याच्या जागी एक हिरवा बाक बसवला. "इथं बसा, अंगठा वर करा, गावकरीच गावकऱ्याला नेतील!" दर महिन्याला ते स्वतः त्या बाकावर बसून, अंगठा वर करून वार्ताहराकडून पेपरासाठी फोटो काढून घेत आणि मग आपल्या गाडीनं घरी जात.

आज नेमकी तीच गाडी सुरू होईना. बायको कालच पुढं गेलेली, आणि अकराला लिमोज शहरात लेकीचं लग्न. मेयर कोटाला फूल लावून धावतपळत बाकाशी आले, अंगठा वर केला.

बेकरीवाल्या सिमॉनबाईंनी हॉर्न दिला. "आज कोट झकास हं, मेयरसाहेब!" म्हणत त्या गेल्या. गुरांचा डॉक्टर खिडकीतून ओरडला, "निवडणूक आली वाटतं!" आणि तोही गेला.

"अहो, खरंच जायचंय मला!" मेयर घसा फाटेस्तोवर ओरडले. त्यावर ट्रॅक्टरवाल्यानं टोपी उंचावून दाद दिली.

दहाला अखेर एक गाडी समोर थांबली. काच खाली झाली.

"अंगठा जरा आणखी वर घ्या, मेयरसाहेब," म्हणत वार्ताहरानं फोटो काढला आणि गाडी निघून गेली.