रेडिएटरवाल्याचा डाख

यंत्राचा तो भाग पुन्हा सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला चिकटून वर आला. मोहरीच्या दाण्याहून लहान. रेडिएटरवाल्याने एकावर एक दोन चष्मे चढवले होते, श्वास रोखून धरला होता, तरी भाग जागेवर बसत नव्हता. आयुष्यभर त्याने कथील वितळवून ट्रकच्या गळक्या रेडिएटरना डाख दिला. त्याच्या हातून गेलेला रेडिएटर कधी गळत परत आला नाही. इथे मात्र कथलाचा थेंबच त्या भागापेक्षा मोठा पडत होता.

समोर बायको बसली होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यापासून ती गळ्याला एक छोटं यंत्र लावून बोलायची. तेच आता टेबलावर उघडं पडलं होतं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती, आणि दुसरं यंत्र कधी मिळेल ते हॉस्पिटलात कोणी धड सांगत नव्हतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने जळलेला भाग तेवढा शोधून दिला, तसलेच थोडे नवे दिले, वर डाख नीट धरावा म्हणून लावायच्या राळेची डबी दिली.

"काका, इतकं बारीक काम आम्ही घेत नाही. घरीच करून बघा. पण ही राळच लावा, दुसरं काही लावू नका."

राळ लावता लावता सकाळ गेली. भाग एका बाजूने चिकटला की दुसऱ्या बाजूने उभा राहायचा. काही जळाले. एक उडाला, तो बायकोने गुडघ्यांवर बसून सगळी फरशी चाचपली तरी सापडला नाही. आता शेवटचा उरला होता.

"ह्या राळेत दमच नाही," तो म्हणाला.

आणि उठून त्याने आपली जुनी बाटली काढली. रेडिएटरला डाख देण्याआधी लावायचं ॲसिड. जित्याची खोड, दुसरं काय. काडीने एक थेंब सोडला आणि तापलेलं टोक टेकवलं. चर्र झालं, धूर नाकात गेला, कथील पाण्यासारखं पसरलं. भाग निमूट जागेवर बसला.

बायकोने यंत्र गळ्याला लावलं. तोच सपाट, घरघरता आवाज आला.

"आधी ते चष्मे काढा. घुबडासारखे दिसताय."

त्याला हसू आलं आणि रडूही आलं. जेवताना ती बोलतच राहिली. भाजीतलं मीठ, शेजारीण, त्याच्या बनियनची भोकं, काही सोडलं नाही. इतके दिवस तिचे ओठ बघून तोच मुलीला फोनवर तिचं म्हणणं सांगायचा आणि निम्मं चुकीचं सांगायचा.

"आज तिचा फोन आला की मीच बोलणार," ती म्हणाली.

भांडी घासून होईपर्यंत आवाज बारीक झाला. मग एका शब्दाच्या मध्येच बंद पडला.

त्याने यंत्र उघडलं. भागाभोवती हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरलं होतं. त्याने ते लगेच ओळखलं. ॲसिड धातू खातं. रेडिएटरवर ते धुऊन काढायला तो वरून बादलीभर पाणी ओतायचा, आणि तिथलं पितळही जाड असायचं. त्याने फडक्याने हलकेच पुसलं, तर भाग निघून आला, आणि त्याच्याबरोबर खालची केसाएवढी तांब्याची रेघही. आता डाख द्यायला जागाच उरली नव्हती.

त्याला स्वतःच्या हातांचा राग आला.

"मीच घालवला गं तुझा आवाज," तो म्हणाला.

तिने मान फिरवली. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, झालं का आईचं मशीन?" मुलीने विचारलं.

"झालं." त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"मग दे की तिला."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग फोन घेऊन कानाला लावला. तिचे ओठ सावकाश हलू लागले, नीट एकेक शब्द जुळवत.

"हॅलो? आई?" मुलीचा आवाज टेबलाच्या पलीकडे त्यालाही ऐकू येत होता. "आई, काहीच ऐकू येत नाहीये गं. लाइन खराब दिसतेय. थांब, मी परत लावते."

बायकोने फोन टेबलावर ठेवला. दोघं फोनकडे बघत बसली. तो पुन्हा वाजू लागला.